वाडीतील तळे आणि कोई मासे

काशीद येथील आमच्या वाडीत, नारळी-पोफळींच्या छायेत, आम्ही कोई मासे पाळतो. जपानातील निईगाता प्रांतीच्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात साध्या कार्प माशांतून हे रंग निपजविले. हातून खाद्य घेणाऱ्या या मुक्या जीवांचा लळा लागतो.

परंतु ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने झाडे उन्मळली, वीज गेली, हवेचा पंप थांबला. तळ्यात पडलेला पाला कुजून पाण्यातील प्राणवायू सरला. थोर मासे प्रथम दगावले. कारण त्यांस प्राणवायू अधिक लागतो. उरलेल्या चारांसाठी घरातील लहानथोरांनी आळीपाळीने रात्रंदिवस घागरीने उंचावरून पाणी ओतले. ओतलेल्या पाण्यात हवा मिसळते. ते चारही वाचले.

बंधुहो, यंत्र थांबले तरी माणसांचे हात थांबू नयेत, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.