बंद यंत्र आणि माणसाचा हात



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले आणि ते पुन्हा उभे करण्याचे काम अखेर कामगारांवरच आले. म्हणून हा विषय माझाही आहे.

संगणक सुरू होणे हे कारखान्याची पाळी सुरू होण्यासारखेच आहे. प्रथम एक छोटा, कायम वस्तीचा कार्यक्रम जागा होतो व सारे भाग जागेवर आहेत ना, हे पाहतो. मग तो विंडोजच्या गाभ्याला बोलावतो. गाभा आपल्या हाताखालचे ‘ड्रायव्हर’ कामाला लावतो. यातली एक कडी तुटली, की पुढचे सारे अडते.

क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन कंपनी संगणकावर पहारा ठेवणारा ‘फाल्कन’ नावाचा कार्यक्रम पुरविते. चोराच्या आधी पहारेकरी हजर हवा, म्हणून हा अगदी आरंभीच गाभ्यात जाऊन बसतो. त्या दिवशी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने त्याला नवी माहिती धाडली. तिच्या आराखड्यात रकाने होते २१. कार्यक्रमापाशी नोंदी होत्या २०. एकविसावी शोधताना तो स्मृतीत भलत्याच जागी शिरला आणि विंडोज कोसळली. संगणक पुन्हा सुरू होई, पहारेकरी पुन्हा येई, पुन्हा तेच! कंपनीने ७८ मिनिटांत चूक मागे घेतली. पण जे यंत्र सुरूच होत नाही, त्याला ही दुरुस्ती पोचावी कशी?

तेथे माणूसच जावा लागला. ‘सेफ मोड’मध्ये अगदी जरुरीचे तेवढेच ड्रायव्हर कामावर येतात, पहारेकरी फाटकाबाहेर राहतो. तेवढ्यात ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाईल पुसायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचे. काम काही मिनिटांचे. पण बहुतेक ठिकाणी दर यंत्रापुढे माणूस बसवावा लागला. चकतीला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ४८ अंकी किल्ली आधी शोधा! आपल्याकडील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

मित्रहो, आपल्या घरचा संगणक अडला, तर घाबरू नका. शेवटी त्यात काय नवे घातले, ते आठवा आणि तेच आधी काढा. किल्ली कागदावर लिहून जपा.

मालकांनाही माझे एक सांगणे आहे. नवी गोष्ट आधी थोड्या यंत्रांवर चालवून पाहा, मगच सगळीकडे धाडा. आणि ‘यंत्र आले, आता माणसे कशाला?’ असे म्हणत कपातीच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्या दिवशी रात्रभर यंत्रांपुढे बसलेल्यांची आठवण ठेवा. यंत्र पडले तर त्याला उठवायला कोण आहे, याचा हिशेब त्याच कागदावर असू द्या.