शिवडीचे पाहुणे



थंडीत आपल्या परळजवळच, शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी येऊ लागतात. पाहायला जायचे तर घड्याळाआधी तिथी बघावी. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी असते. म्हणजे जेवणे झाली की मागचे आवरून निघता येते. भरतीला गेलात तर नुसते पाणी दिसेल! हे पक्षी डोके उलटे करून चोचीने चिखलातले शेवाळ गाळून खातात. गुलाबी रंग त्यातूनच येतो. आपण ज्याला घाण म्हणतो, ते त्यांचे स्वयंपाकघर. ठाणे खाडीत २०१५ साली अभयारण्य झाले, शिवडी मात्र त्याबाहेर राहिली. २०२४ पासून शेजारून अटल सेतूवरची वाहतूकही सुरू आहे. निदान निर्माल्याच्या पिशव्या तरी आपण तिथे टाकू नयेत. येत्या अष्टमीला कोणकोण येता?