आरोग्यसंवर्धनातील विद्यावाचस्पती : पदवी आणि पात्रता



गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी आजच्या विषयाकडे वळते. या शाळेतून शिकून गेलेल्या काही मुलामुलींनी परिचर्या, समाजकार्य, आहारशास्त्र अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आहे. त्यांच्याकडून मला वारंवार एक प्रश्न येतो : आरोग्यसंवर्धन या विषयात डॉक्टरेट मिळवायची तर काय करावे लागते? पत्राने उत्तर देता आले असते. परंतु या प्रश्नात पदवीच्या नियमांपलीकडचेही काही दडलेले आहे, म्हणून तो आज आपल्यासमोर मांडावा असे वाटले.

प्रथम विषयाचे स्वरूप पाहू. 1978 साली आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला आणि 21 नोव्हेंबर 1986 रोजी कॅनडातील ओटावा येथे आरोग्यसंवर्धनाची सनद स्वीकारली गेली. लोकांना आपल्या आरोग्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेण्यास समर्थ करणे, हा या सनदेचा गाभा. त्यासाठी तिने पाच वाटा सांगितल्या : आरोग्याला पोषक धोरणे, अनुकूल परिसर, समूहाची कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि उपचारापुरत्या मर्यादित आरोग्यसेवेला नवे वळण. मसाटच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराला खोकला झाला, तर औषध देणे हे वैद्यकाचे काम. त्याच्या खोलीत हवा खेळते का, पाळीच्या कामात तो जेवतो केव्हा, कारखान्यातील धुळीविषयी बोलण्याचे धैर्य त्याला आहे का, हे प्रश्न आरोग्यसंवर्धनाचे.

आता नियम. आपल्या देशात या विषयाचा प्रबंध बहुधा सार्वजनिक आरोग्य, सामुदायिक वैद्यक, परिचर्या किंवा समाजकार्य अशा शाखेच्या नावाखाली सादर होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण आवश्यक आहेत. चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्यालाही थेट प्रवेश मिळू शकतो. अनुसूचित जाती, जमाती व अन्य पात्र गटांना पाच टक्क्यांची सवलत आहे. आपल्या भागातील मुलांनी ती ध्यानात ठेवावी. प्रवेश नेटसारख्या राष्ट्रीय परीक्षेद्वारे किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेद्वारे व मुलाखतीतून होतो.

प्रवेशानंतर किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशनाची नीती यांचा समावेश असतो आणि त्यातही 55 टक्के गुण लागतात. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा असून पुनर्नोंदणीने तो दोन वर्षांनी वाढू शकतो. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची मुभा आहे आणि 240 दिवसांपर्यंत मातृत्व व बालसंगोपन रजाही मिळते. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज संस्थेबाहेरील किमान दोन परीक्षक तपासतात आणि त्यानंतर मौखिक परीक्षा होते. प्रबंध सादर करण्यापूर्वी नियतकालिकात लेख छापून आलाच पाहिजे, ही 2016 ची अट 2022 मध्ये राहिली नाही. नोकरी करणाऱ्यांना मालकाच्या ना-हरकत पत्रावर अर्धवेळ नोंदणी करता येते. मात्र पत्राद्वारे किंवा केवळ संगणकाच्या माध्यमातून ही पदवी देण्यास परवानगी नाही. तशी जाहिरात दिसली तर सावध राहावे.

परदेशातही साधारण हीच चौकट आहे. अमेरिकेत संशोधनाकडे नेणारी पीएच.डी. आणि क्षेत्रकार्याच्या नेतृत्वाकडे नेणारी सार्वजनिक आरोग्याची डॉक्टरेट असे दोन मार्ग आढळतात.

या सर्व अटी पूर्ण केल्या म्हणजे पदवी मिळते. परंतु पात्रता कशाने येते? मराठी मुलखातील दोन उदाहरणे सांगते.

कमला सोहोनी यांना 1939 साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, विज्ञान शाखेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेवरचा त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेचे पोषणमूल्य अभ्यासले आणि आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांना तिचा उपयोग होतो हे दाखवले. ताडाची झाडे पाहत वाढलेल्या आपल्याला या संशोधनाचे मोल वेगळे सांगायला नको. जे आपल्या दारात आहे, त्याकडेही शास्त्राच्या दृष्टीने पाहता येते, हे त्यांच्या कार्यातून शिकावे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. पुढे त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. 39 गावांत हा प्रयोग झाला आणि 47 गावांशी तुलना केली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून घरोघरच्या नवजात-सेवेचे काम देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आले. हे संशोधन पीएच.डी.साठी झालेले नव्हते. तरीही प्रश्न लोकांमधून घेणे, काटेकोर मोजणे, तुलना करणे आणि उत्तर लोकांच्या हाती देणे या चारही गोष्टी त्यात आहेत. चांगल्या प्रबंधाकडून याहून वेगळे काय अपेक्षावे?

मी हे इतक्या आग्रहाने का सांगते, याला एक कारण आहे. माझ्या लहानपणी आमच्या पाड्यावर एक तपासणी पथक आले होते. सर्वांचे रक्त घेतले, नावे लिहिली आणि ते गेले. त्या रक्तात काय सापडले, हे आम्हांला कोणी कधीच सांगितले नाही. पुढची कित्येक वर्षे पाड्यावर कोणी वही घेऊन आले की वडीलधारी माणसे दार लोटून घेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आज नीतिसमितीची मान्यता आणि समजेल अशा भाषेतील संमती बंधनकारक मानतात. तरीही कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे ज्याने ती दारे पाहिली आहेत त्यालाच नीट कळते.

आपल्या पट्ट्यातील सिकलसेलचेच पाहा. 1 जुलै 2023 रोजी या आजाराच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. 2047 पर्यंतचे उद्दिष्ट ठरले. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. तपासणी करून कार्ड देणे शासनाला जमते. परंतु ते कार्ड वारली किंवा कोकणा घरात काय घडवते? तरुणी ते सोयरिकीच्या वेळी दाखवते, की लपवते? वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे कोणाच्या तोंडून ऐकले तर पटते : डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, की आजीच्या? हा आरोग्यसंवर्धनाचा उत्तम प्रबंधविषय आहे. त्यासाठी यंत्रसामग्री थोडी लागते, पण माणसांची भाषा मात्र पुरती यावी लागते.

आणि तेथेच माझ्या माजी विद्यार्थी मित्रांचा अधिकार सुरू होतो. घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्याच्या फाटकाशी हिंदी बोलणारी ही मुले ज्या गोष्टी ऐकू शकतात, त्या बाहेरून आलेल्या विद्वानाला दुभाष्यामार्फत ऐकाव्या लागतात. म्हणून माझे सांगणे असे. आधी दोन वर्षे क्षेत्रात काम करा आणि प्रश्न तेथे शोधा. संख्याशास्त्राला भिऊ नका. ज्याला मोजता येत नाही त्याचे म्हणणे कोणी मानत नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांचे नाव पाहाच, पण ते तुमच्या पाड्यावर यायला तयार आहेत का, हेही विचारा. मान्य झालेला प्रबंध ‘शोधगंगे’त जातो, जगाला वाचता येतो; त्याचे चार पानी सार मराठीत लिहून ज्यांनी उत्तरे दिली त्यांना वाचून दाखवा. ही अट कोणत्याही विद्यापीठाच्या अर्जात छापलेली नसली, तरी आपण ती स्वतःवर घालून घ्यावी.

गुरुजी निकाल लागल्यावर गुणपत्रक घरी नेऊन आईवडिलांना वाचून दाखवायला सांगत असत. विद्यावाचस्पतीलाही याहून वेगळा नियम नसावा.