फाटकावरची वही

(तालुका पातळीवरील लघुउद्योजकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



  अध्यक्षाने उद्योगक्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो थोडक्यात घेतो.

महाराष्ट्रात १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि १९६४ साली पहिली सामूहिक प्रोत्साहन योजना आली. कारखान्यांनी मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातून बाहेर पडावं, हा तिचा हेतू. पुढे तालुक्यांची ए, बी, सी, डी, डी प्लस अशी प्रतवारी झाली. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी. विक्रीकर माफ किंवा लांबणीवर, विद्युत शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ. १ जानेवारी २००० पासून नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती द्यायच्या नाहीत, असं राज्यांनी आपसांत ठरवलं. मग त्याच सवलती अनुदानाच्या वाटेने परत आल्या. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, तेव्हा भरलेल्या करातला राज्याचा वाटा परत मिळण्याची सोय झाली. साठ वर्षांत योजनांची नावं बदलत गेली, पण जो येईल त्याला माफी, ही मूळ कल्पना तशीच राहिली.

आढावा मी इथेच थांबवतो. एक वाक्य मनात ठेवून मी तीस वर्षं फिरतो आहे. ते आज या व्यासपीठावरून बोललो नाही, तर पुन्हा कधी बोलणार?

मी १९८९ साली बिडाची फाउंड्री सुरू केली. माझा तालुका मागास गटात होता, त्यामुळे विक्रीकर लांबणीवर आणि विद्युत शुल्क माफ. १९९३ साली कोकवर चालणारा कुपोला मोडून विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली. १९९४ च्या मे महिन्यात, दुपारी पावणेतीनला, भट्टीत रस तयार असताना लाईट गेली. ज्यांची भट्टी नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौदाशे अंशांच्या वर तापलेला रस वीज गेली की लगेच निवायला लागतो. आधी वर साय धरते, मग काठ धरतात, मग गोळा होतो. कॉइलमधलं पाणी थांबलं तर कॉइलही जाते, म्हणून जनरेटरवर आधी पंप चालवायचा. माझा जनरेटर तेवढ्याच ताकदीचा होता. पाच वाजता लाईट आली, तेव्हा भट्टीत लोखंडाचा एकच ठोकळा होता. छिन्नी-हातोड्याने लायनिंग फोडून तो काढायला, नवं लायनिंग ठोकायला आणि भाजायला तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी मी तक्रार घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. साहेबांनी फाईल चाळली. माझं सवलतीचं पात्रता प्रमाणपत्र त्यांना दिसलं. ते म्हणाले, "तुम्हाला ड्यूटी माफ आहे ना? मग थोडं सोसा की."

तो माणूस उद्धट नव्हता. त्याने माझ्यासाठी चहा मागवला होता. आपण रास्तच बोलतो आहोत, असं त्याला मनापासून वाटत होतं. मी उत्तर न देता उठलो, कारण त्या क्षणी मलाही ते थोडं रास्त वाटलं. ही गोष्ट मला आजवर बोचत आली आहे. मंडळी, माफी घेतलेल्या माणसाचा आवाज असा बसतो. बिल भरणारा गिऱ्हाईक असतो, त्याला जाब विचारता येतो. माफी घेणारा उपकृत होतो आणि उपकृताला सोसावं लागतं.

सकाळच्या चर्चासत्रात दोन बाजू पडल्या. एका बाजूचं म्हणणं, माफीची मुदत वाढवून मागावी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, विदर्भ-मराठवाड्याला २०१६ पासून वीजदरात जशी सवलत मिळाली, तशी सर्वांना मिळावी. दोन्ही बाजूंना मी माझ्या शेडमधून उत्तर देतो. एक टन बीड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. दराचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. पण इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला विचारलं नाही की तुम्हाला युनिट कितीला पडतं. प्रत्येकाने विचारलं, गाडी कधी निघते? मे १९९४ मध्ये माझी गाडी तीन दिवस उशिरा निघाली आणि पंपाच्या कास्टिंगची सगळ्यात मोठी ऑर्डर कायमची दुसऱ्या जिल्ह्यात गेली. तिथे दर माझ्यापेक्षा जास्त होता. पण तिथला फीडर, म्हणजे वीज पुरवणारी वाहिनी, टिकत होता.

मुदतवाढीबद्दलही ऐका. माझ्या शेजारच्या प्लॉटवर माझ्यानंतर चार वर्षांनी एक कारखाना आला. कोनशिला, मांडव, सत्कार, सगळं झालं. सवलतीची मुदत संपली त्या वर्षी त्यांनी यंत्रं ट्रकवर चढवली. चाळीस कामगार माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले, त्यांतल्या सहा जणांना मी घेऊ शकलो. उरलेले चौतीस चेहरे मी अजून विसरलेलो नाही. माफीच्या ओढीने आलेला माफीबरोबर जातो. गावात मुळं धरायला पाणी लागतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. आपण मात्र उद्योजक होताच ते विसरलो.

आता जे बोलणार आहे, ते अनेकांना रुचणार नाही. मी जकात भरलेला माणूस आहे. नाक्यावर रात्र रात्र ट्रक उभे राहिलेले मी पाहिले आहेत. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली, तेव्हा आपण पेढे वाटले. मीही वाटले. पण त्याआधीची एक गोष्ट आठवते. माझे पिग आयर्नचे ट्रक आठवडाभर नाक्यावर आले नाहीत, की नगराध्यक्षांचा माणूस शेडवर यायचा. भट्टी का बंद? पाण्याची अडचण आहे का? नगरपालिकेच्या तिजोरीची नाडी माझ्या भट्टीला बांधलेली होती. आज माझ्या मालावरचा कर दिल्ली आणि मुंबईत जमा होतो आणि नगरपालिकेला अनुदान वरून येतं. माझी भट्टी महिनाभर बंद राहिली तरी गावात कुणाला कळत नाही. जकात परत आणा, असं मी म्हणत नाही. कारखाना चालला तर गावाची तिजोरी भरेल आणि बंद पडला तर गावाला झोप लागणार नाही, असा काही धागा पुन्हा जोडावा लागेल, एवढंच म्हणतो. आपण मागतो ती प्रत्येक माफी हा धागा आणखी विरळ करते.

आपल्याच इतिहासात याचं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावात होता. नगरपालिकेने गावाच्या विस्तारासाठी त्यांना जागा सोडायला लावली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला, कर्ज दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. संस्थान लहान, तिजोरी बेताची. तरी त्या राजाने हाताला लागेल असं काही दिलं: पायाखाली जमीन, हाताशी भांडवल, जवळ रेल्वे. शतक उलटलं, तिथे आजही पंप बनतात. ज्या गावाने जागा काढून घेतली त्याने काय गमावलं, याचा हिशेब आपल्या प्रत्येक नगरपालिकेने एकदा मांडून पाहावा.

पाण्याचंही तेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात कुठल्या कराची माफी कुणाच्या घशाखाली उतरली असती? आमच्या वसाहतीत पाण्याचा पंप आणि आमच्या शेड एकाच फीडरवर होत्या. लाईट गेली की दोन तासांनी नळही जायचा. भट्टीवाला मी वीज म्हणून ओरडायचो, पलीकडचा रंगाईवाला पाणी म्हणून. दोघांचं दुखणं एकच होतं, आणि ते आम्हाला कळायला सहा वर्षं लागली.

१९९४ च्या त्या मे महिन्यात कार्यालयातून परतलो, तेव्हा माझ्या वॉचमनने एक शाळेची वही पुढे केली. लिहिण्या-वाचण्यात तो बेताचाच होता. त्याने मधोमध रेघ ओढून दोन रकाने केले होते: गेली, आली. त्याखाली घड्याळातल्या वेळा. तो म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी हे घेऊन जा." तेव्हापासून ती वही आमच्या फाटकावर खिळ्याला टांगलेली आहे. वीज खात्याकडे खंडित पुरवठ्याची सरासरी असते, पण ती साऱ्या विभागाची. माझ्या फीडरची गेल्या मंगळवारची दुपार तिच्यात विरघळून जाते. आता वीज नियामक आयोगाच्या नियमांत सेवेची मानकं आहेत, भरपाईची तरतूदही आहे. ती मागायला पुरावा लागतो. वही हाती आल्यावर तीन वर्षांनी आम्हाला पंपासाठी वेगळा फीडर मिळाला. माफीच्या अर्जांची माझ्याकडे कपाटभर फाईल होती. तिने हे काम केलं नव्हतं.

पुढच्या कामांबद्दल थोडं. या परिषदेने प्रत्येक वसाहतीतल्या फीडरची आणि नळाची नोंद एकत्र करावी. नगरपालिकेशी पाण्याचा लेखी करार कसा करता येईल, याचा मसुदा कार्यकारिणीने करावा. मालमत्ता कर आणि वसाहतीचा सेवा आकार असं दोन्हीकडे भरणाऱ्यांनी सेवेचा हिशेब मागावा, त्यासाठी एखादी समिती नेमावी. तपशील तरुणांनी ठरवावेत, माझ्याहून ते चांगले ठरवतील. शासनाला एकच निवेदन जावं: आम्ही कर भरतो, आम्हाला वीज आणि पाणी वेळेवर द्या.

तो वॉचमन आता नाही. त्याच्या आणि त्याच्या मागून आलेल्यांच्या अकरा वह्या मी आज सोबत आणल्या आहेत. त्या या टेबलावर ठेवतो, परिषदेने त्या जपाव्यात. बाराव्या वहीची पानं अजून संपलेली नाहीत, म्हणून ती फाटकावरच आहे. आज रात्री आपण आपापल्या गावी पोहोचाल. सकाळी पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकावर एक खिळा ठोका, वही टांगा, मधोमध रेघ ओढा. रकान्यांची नावं मी सांगितलीच आहेत.