आठ जागांचा मतदारसंघ



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, अशी आपल्याकडे प्रथा आहे. आमचे शालेय शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकाजवळच्या सार्वजनिक वाचनालयात, रात्रपाळी नसलेल्या संध्याकाळी. तेव्हा आज आम्ही जे सांगणार आहोत त्यात पांडित्य नाही. एका प्रश्नाने आम्हांला पुष्कळ वर्षे छळले. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही आयर्लंडातील एका मतदारसंघापर्यंत कसे जाऊन पोहोचलो, एवढेच निवेदन करावयाचे आहे.

प्रश्न घरचाच आहे. १९९९ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या युनियनमध्ये काम करीत होतो. कामगारांत दहांपैकी सात मशीन शॉपचे आणि तीन फौंड्रीचे. कार्यकारिणीच्या जागा अकरा. प्रत्येक सभासदाला अकरा मते. आम्ही मशीन शॉपवाल्यांनी अकरा जणांचे पॅनेल उभे केले आणि अकराही जागा जिंकल्या. गुलाल उधळला, पेढे वाटले. निवडणूक अगदी स्वच्छ झाली होती, एकही मत खोटे नव्हते. पुढे मागणीपत्रक तयार झाले. त्यात महागाई भत्ता होता, बोनस होता, बसची सोय होती. फौंड्रीतल्या माणसांना भट्टीपुढच्या उष्णतेचा भत्ता हवा होता, आणि बंद झालेले दूध-गूळ पुन्हा सुरू करून हवे होते. ते कलम राहून गेले. कोणी मुद्दाम वगळले नाही. आमच्या अकरा जणांत भट्टीपुढे उभा राहणारा एकही नव्हता, म्हणून कोणाला आठवलेच नाही.

वर्षभरात फौंड्रीवाल्यांनी दुसरी युनियन काढली. त्यानंतर आम्ही संप केला, तेव्हा भट्टी चालू राहिली. एकोणिसाव्या दिवशी आम्ही हात चोळीत कामावर परतलो. त्या दिवशी फौंड्रीतला एक वयस्क कामगार फाटकाशी भेटला. आम्ही त्याला फितूर म्हणण्याच्या तयारीत होतो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मतं आम्ही बी दिली होती. ती गेली कुठं?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. दहांतल्या तिघांची मते मोजली गेली होती, कागदावर लिहिली गेली होती, आणि तरी ती कोठेच गेली नव्हती.

पुढे वाचनालयात जेम्स लार्किन यांचे चरित्र हाती आले. कामगार चळवळीतल्या माणसाला हे नाव नवे नाही. १९०९ साली आयर्लंडात वाहतूक व सर्वसाधारण कामगारांची युनियन त्यांनी उभी केली आणि १९१३ च्या डब्लिनच्या टाळेबंदीत हजारो कामगारांचे नेतृत्व केले. आम्ही वाचावयास घेतले ते टाळेबंदीसाठी. पण अडकलो ते १९२७ सालापाशी. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या निवडणुकीत लार्किन हे डब्लिन नॉर्थ मतदारसंघातून आयरिश संसदेवर निवडून आले. त्यांचा पक्ष, आयरिश वर्कर लीग, अगदी लहान होता. सत्ताधारी कॉसग्रेव्ह यांचा पक्ष त्यांच्या विरुद्ध, डी व्हॅलेरा यांचा पक्ष वेगळा, आणि मजूर पक्षाशी तर भाऊबंदकीच. मग ते निवडून आले कसे?

उत्तर असे की, डब्लिन नॉर्थ या एका मतदारसंघात तेव्हा आठ जागा होत्या, आणि प्रत्येक मतदाराला मत मात्र एकच होते. ही दोन वाक्ये आपण कृपा करून एकत्र लक्षात ठेवावीत.

त्या मताची रीत अशी. मतपत्रिकेवर सर्व उमेदवारांची नावे. मतदाराने फुली मारावयाची नाही, आकडे घालावयाचे. सर्वांत आवडत्याला १, त्याच्या खालोखाल २, मग ३. मतमोजणीत प्रथम कोटा ठरतो. समजा, वैध मते ९०,००० आणि जागा आठ. आठांत एक मिळवून नऊ. नव्वद हजारांना नवाने भागले की दहा हजार. त्यात एक मिळविला की १०,००१. हा कोटा. तो एवढाच का? कारण नऊ जणांना प्रत्येकी १०,००१ मते मिळूच शकत नाहीत. बेरीज नव्वद हजारांच्या वर जाते. आठांना मात्र मिळू शकतात. ज्याने कोटा गाठला तो निवडून आला.

एखाद्याला कोट्याहून जास्त मते पडली तर ती जास्तीची मते दोन क्रमांकाच्या पसंतीप्रमाणे दुसऱ्यांकडे जातात. कोणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो, आणि त्याची मतेही पुढच्या पसंतीकडे जातात. एस. टी. स्टँडवर आपण पाहतोच: एक गाडी भरली की मागे राहिलेली माणसे दुसऱ्या गाडीत बसतात, आणि एखादी गाडी रद्द झाली तर तिच्यातले उतारूही दुसरीकडे जागा शोधतात. शेवटी थोडे लोक स्टँडवर राहतातच. पण बहुतेक सर्व गावाला पोहोचतात. आपल्या राज्यघटनेच्या भाषेत यालाच एकल संक्रमणीय मत म्हणतात.

आता हिशेब पाहा. आठ जागांच्या मतदारसंघात नवव्या हिश्श्याहून थोडी अधिक मते मिळाली की माणूस संसदेत. डब्लिनच्या उत्तर भागातील गोदीचे, गोदामांचे, गाड्या हाकणारे कामगार शहरात बहुमतात नव्हते. पण नवव्या हिश्श्याइतके निश्चित होते. त्यांनी आपला माणूस निवडला.

आणि याच गोष्टीचा दुसरा भाग आम्हांला अधिक शिकवून गेला. अब्रुनुकसानीच्या खटल्याचा खर्च न भरल्यामुळे लार्किन हे नादार ठरलेले होते. म्हणून त्यांना संसदेत बसता आले नाही. त्यांची जागा रिकामी झाली आणि ३ एप्रिल १९२८ रोजी तेथे पोटनिवडणूक झाली. लार्किन पुन्हा उभे राहिले. मतदारसंघ तोच, माणूस तोच, मतदान पसंतीक्रमाचेच. फक्त या वेळी जागा एक होती. जागा एक म्हटली की कोटा निम्म्याहून अधिक. सत्ताधारी पक्षाचे व्हिन्सेंट राइस निवडून आले, डी व्हॅलेरा यांच्या पक्षाच्या कॅथलीन क्लार्क दुसऱ्या, आणि लार्किन तिसरे. सात महिन्यांपूर्वी त्यांना निवडणारे कामगार काही डब्लिन सोडून गेले नव्हते. उंबरठा नवव्या हिश्श्यावरून निम्म्यावर गेला, एवढेच घडले.

आमच्या फौंड्रीचे कोडे येथे सुटले. अकरा जागा आणि प्रत्येकाला एकच संक्रमणीय मत असते, तर बाराव्या हिश्श्याला एक जागा मिळाली असती. दहांतल्या तिघांनी आपल्याच माणसांना पसंती दिली असती, तर निदान तीन माणसे कार्यकारिणीत बसली असती.

आयर्लंडने ही पद्धत का घेतली? १९१९ च्या जानेवारीत स्लायगो या गावच्या नगरपालिकेत ती प्रथम वापरली गेली. पुढे स्वतंत्र राज्य होताना दक्षिणेतील प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांना 'तुमचे मत येथे बुडणार नाही' अशी हमी हवी होती. १९२२ च्या घटनेत ती आली आणि १९३७ च्या घटनेत कायम राहिली. त्याच बेटाच्या उत्तर भागात मात्र राज्यकर्त्यांनी ही पद्धत १९२२ साली स्थानिक निवडणुकांतून आणि १९२९ साली प्रांतिक संसदेच्या निवडणुकीतून काढून टाकली. डेरी शहरात कॅथलिकांची वस्ती अधिक असूनही नगरपालिका युनियनिस्टांच्या हाती राहिली. त्याला वॉर्डांच्या वाकड्या सीमा आणि मालमत्तेवर बेतलेला मताधिकार हीही कारणे होती, हे सांगितले पाहिजे. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी त्याच डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर लाठ्या पडल्या. पुढचा रक्तपात आपण जाणता. १९७३ साली उत्तरेत प्रमाणशीर प्रतिनिधित्व परत आणले गेले. परंतु मधली चव्वेचाळीस वर्षे परत आणता आली नाहीत.

कोणी म्हणेल, हे परदेशचे पुराण आम्हांला कशाला? श्रोत्यांतील पदवीधर मंडळींनी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात १, २, ३ असे आकडे घातलेच असतील. राष्ट्रपतींची निवडणूक पसंतीक्रमानेच होते. पण तेथे जागा एक. म्हणजे ती लार्किन यांची पोटनिवडणूक झाली. उलट आमच्या महानगरपालिकांतील चार सदस्यांचे प्रभाग घ्या. जागा चार आहेत. पण अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती, आणि मतदाराला चार मते. ज्यांचे प्रभागात बहुमत ते चारही जागा नेऊ शकतात. ते आमचे पॅनेल झाले! बैलगाडीला दोन चाके लागतात. अनेक जागा हे एक, आणि एकच पण सरकणारे मत हे दुसरे. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार मतदान करतात, तेव्हा अनेक जागा असल्या की ही दोन्ही चाके जागेवर असतात. आमदारांचे मत बुडू नये याची काळजी घटनेने घेतली, ही चांगलीच गोष्ट आहे.

मुंबई प्रांताने १९३७ साली मधला एक मार्ग पाहिला होता. तेव्हा अनेक सदस्यांचे मतदारसंघ होते, आणि मतदाराला आपली सारी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. डॉ. आंबेडकर भायखळा-परळ भागातून त्याच पद्धतीने निवडून आले, आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवारही यशस्वी झाले. १९५२ साली उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात ती मुभा नव्हती. दोन मते दोघांना द्यावी लागत. तेथे डॉक्टरांचा पराभव झाला. पराभवाची कारणे अनेक असतील; पण मतदानाची रीत बदलली होती, हे विसरता येत नाही. असे दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.

आता आक्षेप. पहिला आक्षेप खुद्द डॉ. आंबेडकरांचाच आहे, म्हणून तो आदराने ऐकला पाहिजे. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली, तेव्हा डॉक्टरांनी दोन अडचणी दाखविल्या: देशात साक्षरता नाही, आणि या पद्धतीने संसदेची शकले होऊन स्थिर सरकार मिळणार नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता शेकडा १८ च्या आसपास होती. त्या दिवशी ते म्हणणे बिनतोड होते. २०११ च्या जनगणनेत ती शेकडा ७३ वर आली. पहिली अडचण बरीच विरली आहे. दुसरी अजून उभी आहे. आयर्लंडात संयुक्त सरकारे वारंवार येतात आणि ती जुळवावयास कधी कधी कित्येक आठवडे जातात. मतमोजणी दिवसेंदिवस चालते. एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांचे पाय ओढतात.

शिवाय पद्धत कितीही चांगली असली तरी जागांचा आकडा कमी केला की तिचा जीव जातो. तीन जागांत उंबरठा चौथ्या हिश्श्यावर चढतो. १९७४ साली मंत्री जेम्स टुली यांनी आपल्या आघाडीला फायदा व्हावा म्हणून डब्लिनचे बहुतेक मतदारसंघ तीन-तीन जागांचे केले. १९७७ साली तो डाव त्यांच्यावरच उलटला आणि विरोधी पक्षाने १४८ पैकी ८४ जागा जिंकल्या. तेव्हापासून सीमा आखण्याचे काम तेथे मंत्र्याकडे नाही, स्वतंत्र आयोगाकडे आहे. आज तेथे तीन ते पाच जागांचे मतदारसंघ आहेत. २०२४ च्या निवडणुकीत असे ४३ मतदारसंघ आणि १७४ जागा होत्या. लार्किन यांचा आठ जागांचा मतदारसंघ १९३७ सालीच मोडला गेला.

एवढे दोष असून तेथील लोकांनी ही पद्धत टाकून दिली काय? दोनदा विचारले गेले. १९५९ साली डी व्हॅलेरा यांच्या पक्षाने ती रद्द करण्यासाठी सार्वमत घेतले. त्याच दिवशी मतदारांनी डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष निवडले आणि त्यांची सूचना फेटाळली. शेकडा ५२ विरुद्ध ४८. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी, डेरीच्या लाठीमारानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, पुन्हा विचारले. या वेळी शेकडा ६१ लोक 'नको' म्हणाले. मत पोहोचते याचा ज्यांना अनुभव आहे, ते लोक तो हक्क सहजी परत करीत नाहीत.

आमची मागणी काय? उद्या लोकसभेचे पाच मतदारसंघ एक करा, असे आम्ही म्हणत नाही. आपला एकेक मतदारसंघ पंधरा-वीस लाखांचा. पाच मिळून कोटभर मतदार होतील, आणि गरीब उमेदवाराला तेवढे क्षेत्र पायी फिरता येणार नाही. आमचे म्हणणे लहान आहे. चार सदस्यांचे प्रभाग आहेतच, तर तेथे एक संक्रमणीय मत का देऊ नये? सहकारी संस्था, गृहनिर्माण सोसायटी, युनियन, येथून आरंभ का करू नये? चूक झाली तर हाताच्या अंतरावर दुरुस्त होईल.

आमच्या युनियनची घटना आम्ही बदलून घेतली. सोपे गेले नाही. आमच्याच पॅनेलमधले जुने सोबती वर्षभर बोलत नव्हते, आणि त्यांचे तरी काय चुकले? अकरांतल्या तीन खुर्च्या त्यांनाच सोडाव्या लागणार होत्या. मतमोजणीला पूर्वी दोन तास लागत, आता रात्र जाते. फौंड्रीवाल्यांपैकी पुष्कळ परत आले, सगळे नाहीत. फाटकाशी ज्याने आम्हांला तो प्रश्न विचारला, तो त्याआधीच निवृत्त होऊन गावी गेला होता. त्याला उत्तर देणे राहून गेले.

आता कार्यकारिणीत फौंड्रीचे तिघे बसतात. ते आमचे ऐकत नाहीत, ठरावावर अडून बसतात, सभा लांबवितात. गेल्या मागणीपत्रकात उष्णता भत्त्याचे कलम सातवे होते. ते पहिल्या तिनांत का नाही, यावर त्यांनी आमच्याशी रात्री साडेअकरापर्यंत वाद घातला. आणि सकाळी आमच्याबरोबर त्या पत्रकावर सह्या केल्या.