सहकुटुंब नाटकाला

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात, बडोद्यातील सभासद कुटुंबांपुढे केलेले भाषण)



न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कार्याविषयी अधिकाराने बोलणारी वडीलधारी माणसे या व्यासपीठावर बसली आहेत. शिष्यवृत्त्या, ग्रंथालय, आजाऱ्यांस मदत, या सर्वांचा हिशेब ती मांडतीलच. आमच्या वाट्याला चिटणीसांनी जो विषय दिला तो मात्र चैनीचा : ‘मुंबईची सहल’. सहा माणसे गाडीत बसली, दोन दिवस चांगलेचुंगले जेवली, एक नाटक पाहिले आणि परत आली. यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरातली मराठी टिकवायची असेल, तर ती घराबाहेर, भरल्या सभागृहात, मानाने नांदताना मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिली पाहिजे. आणि ज्या हातांनी जन्मभर दुसऱ्याला वाढले, त्यांनी कधीतरी पानावर बसून दुसऱ्याकडून वाढून घेतले पाहिजे. या दोन गोष्टी एकाच सहलीत साधतात, म्हणून तिच्याविषयी बोलावयाचे.

बडोदेकरांना नाटक नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बालगंधर्वांच्या नाटकमंडळीला राजाश्रय दिला, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. मराठी साहित्य संमेलन या नगरीत १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले, आणि पुढे पुष्कळ वर्षांनी २०१८ सालीही भरले. त्या काळी कंपन्या पडदे, पेट्या आणि आचारी घेऊन गावोगाव फिरत. नाटक आपल्या दारी येई. आता उलटे झाले आहे. नाटक मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या गावांत बहुतेक वेळ मुक्कामाला असते आणि आपण त्याच्याकडे जावयाचे असते. बडोद्याहून मुंबई सेंट्रल रेल्वेने ३९२ किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दुपारी तेथे असतो. अंतर फार नाही. निघणे तेवढे होत नाही.

आमच्या घरची परिस्थिती तुमच्या घरच्यापेक्षा निराळी नाही. २०१९ साली आमच्या मातोश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. दांडिया बाजारात वाढलेल्या, जुन्या वळणाचे मराठी बोलणाऱ्या. आमची कन्या तेव्हा अकरा वर्षांची. शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती. आजीने हाक मारावी, ‘‘पाणी आण ग,’’ आणि आतून उत्तर यावे, ‘‘बे मिनिट!’’ गुजराती ही आपल्याला अन्न देणारी भाषा. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. मुलीला मराठी समजत होते, पण ती ते बोलत नव्हती. तिच्या मनात मराठी म्हणजे आजीची भाषा, स्वयंपाकघरातली भाषा, पाहुणे आले की नाइलाजाने बोलावयाची भाषा. रागावून पाहिले, बक्षिसाचे आमिष दाखवून पाहिले. त्याने काही होत नसते, हे येथील सर्व आईबापांना ठाऊक आहे.

म्हणून त्या वर्षी मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधू आणि दोन्ही मुले असे सहाजण निघालो. मुंबईत आप्त पुष्कळ आहेत, परंतु कोणाकडे उतरावयाचे नाही असे ठरविले. सहा पाहुणे म्हणजे त्या घरच्या सुनेचे दोन दिवस ओट्यापाशी जावयाचे. मग आपल्या घरच्या बाईला विश्रांती आणि तिला शिक्षा, असा प्रकार होतो. दादरला साध्या निवासात खोल्या घेतल्या आणि आप्तांनाच जेवावयास बोलाविले.

आता जेवणाविषयी, कारण मुले ऐकत आहेत.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दादरच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आस्वाद’ची मिसळ. या मिसळीचा २०१५ साली एका परदेशी खाद्यस्पर्धेत गौरव झाला होता, हे मुलाने फोनवर वाचून दाखविले. मातोश्रींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपली शेवउसळच की. हिची बहीण.’’ खरेच आहे. वाटाण्याची उसळ, वर शेव, बाजूला लाल तरी. बडोद्याच्या रस्त्यावर जी शेवउसळ आपण रोज पाहतो, तिचे आणि मिसळीचे नाते तोंडावरूनच ओळखू येते. मुले गप्प झाली. जी वस्तू ती आजवर गुजराती समजून खात होती, तिच्यात आपलेही गोत्र निघाले. दुपारी मेट्रोजवळच्या १९०४ सालच्या ‘क्यानी’त इराणी चहा आणि ब्रून-मस्का झाला, कारण मुंबईला जाऊन इराण्याकडे न जाणे म्हणजे पंढरपुरास जाऊन चंद्रभागा न पाहणे.

खरी गोष्ट घडली ती पहिल्या रात्रीच्या जेवणाला. एका साध्या मराठी भोजनगृहात आम्ही थाळीला बसलो. अळूचे फदफदे, डाळिंब्यांची उसळ, मसालेभात, कोथिंबिरीची वडी. पहिली वाढप झाली, मुलाचे पान रिकामे दिसले, आणि मातोश्री सवयीने उठून भाताच्या भांड्याकडे हात करू लागल्या. वाढणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. तो म्हणाला, ‘‘आजी, तुम्ही बसा. आज मी आहे.’’ त्या बसल्या. वरण-भात, वर साजूक तुपाची धार, लिंबाची फोड, असे त्याने पुन्हा त्यांच्याच पानात वाढले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री आमच्या घरच्या मंडळींनी आम्हांस विचारले, ‘‘आईंना आपल्या घरात कधी सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसलेले पाहिले आहे का?’’ आम्ही पाहिले नव्हते. येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी पाहिले आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मुंबईच्या खाणावळींचा इतिहासही बायकांच्या हातांचाच आहे. गिरणगावातल्या हजारो एकट्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालीत होत्या त्या कामगार वस्तीतल्याच स्त्रिया. वाणसामान उधारीवर, भांडवल सावकाराचे, व्याज जबर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणले आणि बँकांची कर्जे मिळवून दिली. आपल्यासारख्या धर्मादाय न्यासाने लक्षात ठेवावे असे ते उदाहरण आहे. पोळी लाटणाऱ्या हातांना मान दिला की त्यांतून संस्था उभी राहते.

आता नाटक.

१९६५ साली उघडलेल्या दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारचा प्रयोग होता. आम्ही निवडलेले नाटक प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’. ते २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि पुढे २०२० साली लेखकाला त्यासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. रंगमंचावर पात्रे दोनच, दोन्ही स्त्रिया. तुकोबांना भाकरी पोचविण्यासाठी डोंगराची वाट तुडविणाऱ्या आवलीच्या पायात काटा मोडतो. तो विठ्ठल स्वतः काढतो आणि तिच्या शुश्रूषेला रखुमाईला लखुबाई म्हणून तिच्या घरी पाठवितो. आवलीला हे ठाऊक नाही. एकीचा नवरा देवाच्या नादी लागलेला, दुसरीचा नवरा साक्षात देव. आणि दोघींचे गाऱ्हाणे एकच. ज्यांनी भाकरी बांधून दिली त्यांच्याविषयी अभंग कोणी लिहावयाचे, हा प्रश्न नाटक पाहताना मनात उभा राहतो.

नाटकमंदिराच्या आत शिरल्यावर मुलीने प्रथम काय पाहिले असेल, तर माणसे. शेकडो माणसे, तरुण मुली, कॉलेजातले मुलगे, नऊवारीतल्या आज्या, आणि सर्वजण मोठ्याने, निःसंकोच मराठी बोलत आहेत. तिच्या अनुभवात मराठी बोलणारे एका वेळी जास्तीत जास्त पंधरा-वीस, तेही लग्नाच्या पंगतीत. तिसरी घंटा झाली, दिवे मावळले आणि ते सगळे सभागृह एकदम शांत झाले. पहिल्या अंकात ती आजीच्या कानाशी लागून शब्दांचे अर्थ विचारीत होती. देहूकडचे गावठी मराठी, त्यात ओव्या. आम्हांलाही दोन-चार शब्द अडले. मध्यंतरात बटाटेवड्यासाठी रांग लावून आम्ही परत आलो तो दोघी तशाच बोलत बसलेल्या. दुसऱ्या अंकात तिने काही विचारले नाही.

परतीच्या गाडीत, सुरत गेल्यावर, ती आजीला म्हणाली, ‘‘आजी, तुला जात्यावरच्या ओव्या येतात?’’ सबंध वाक्य मराठीत. मातोश्रींना आपल्या आईच्या सहा-सात आठवल्या. डब्यात बाकीचे प्रवासी झोपलेले, म्हणून त्यांनी अगदी हळू आवाजात म्हटल्या. घरी ओव्या पूर्वीही होत्या आणि आजीही होती, परंतु विचारणारे कोणी नव्हते. तिकिटाच्या पैशांत आम्हांला जे मिळाले ते हे.

मुलगी त्या दिवसापासून अस्खलित मराठी बोलू लागली, असे आम्ही म्हणणार नाही; ‘बे मिनिट’ आजही ऐकू येते. पण मराठी ही केवळ आजीची भाषा नाही, आजी या भाषेतली जाणकार आहे, हे तिला कळले. त्यानंतर तिने आजीकडून वहीत ओव्या उतरवून घेतल्या. त्या बत्तीस झाल्या आहेत.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. धर्मादाय न्यासाने करमणुकीत कशाला पडावे? गरजू विद्यार्थ्याची फी आधी की नाटकाचे तिकीट आधी? फी आधी, यात वाद नाही. परंतु करमणूक आणि लोककार्य यांचे आपल्याकडे पूर्वीपासून वैर नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या दोन कंपन्यांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकांनी गाणेही ऐकले आणि देशकार्याला पैसाही दिला. म्हणून आमची सूचना अशी, की न्यासाच्या मूळ निधीतला एक पैसाही न घेता सभासदांनी स्वेच्छेने निराळी नाट्यवर्गणी काढावी.

तिचे दोन उपयोग व्हावेत. पहिला, दरवर्षी पाच-सहा कुटुंबांनी मिळून नाटकाला जावे. ऐपत असणाऱ्याने आपला खर्च आपण करावा. एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदांचा आणि ज्या घरी ओढाताण आहे तेथील मुलांचा खर्च वर्गणीतून व्हावा. जाणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी : वृद्धांसाठी तळमजल्यावरची, वाटेच्या कडेची खुर्ची घ्यावी, वातानुकूलित सभागृहात शाल जवळ ठेवावी, जेवण प्रयोगापूर्वी दोन तास आटोपावे, आणि नाटकाची गोष्ट मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवावी, म्हणजे ती भाषेत अडखळली तरी कथेत अडखळत नाहीत.

दुसरा उपयोग अधिक निकडीचा आहे. मातोश्रींनी आता चौऱ्याऐंशी ओलांडली. गुडघ्यांमुळे गाडीची पायरी त्यांना चढवत नाही. अशी माणसे आपल्या समाजात घरोघर आहेत, आणि ती नाटकाकडे जाऊ शकत नाहीत. तेव्हा नाटकाने त्यांच्याकडे आले पाहिजे. कंपन्या क्वचितच का येतात, याचे कारण मानापमान नव्हे, हिशेब आहे. मुंबई-ठाण्यात रविवारी दोन प्रयोग होतात. बडोद्याला यावयाचे तर नेपथ्याचा ट्रक, कलाकारांची बस, मुक्काम, आणि जाण्यायेण्यात गेलेले दिवस. नटाची ‘नाईट’ मात्र प्रयोगावर मिळते, प्रवासावर नाही. तिकिटे खपतील की नाही ही धास्ती निराळीच. आपण दोनशे कुटुंबांनी वर्षाच्या आरंभीच वर्गणी भरून ठेवली, तर ती धास्ती निम्मी होते आणि निर्मात्याशी बोलताना आपल्या शब्दाला वजन येते. सभागृहे गावात आहेत. पहिल्या दोन रांगा सत्तरीपुढील मंडळींसाठी राखून ठेवाव्यात, आणि प्रत्येकाच्या शेजारची खुर्ची त्यांच्या नातवंडाला द्यावी, एवढी एकच अट आम्ही सुचवितो.

नाट्यवर्गणीची वही आज बाहेर टेबलावर ठेवली आहे. चिटणीसांनी तशी परवानगी दिली, याबद्दल त्यांचे आभार. पहिले नाव आमच्या कन्येने लिहिले आहे. अक्षर काही फार चांगले नाही, पण देवनागरी आहे. त्याखाली पुष्कळ जागा रिकामी आहे. स्नेहभोजनाला जाताना ती आपण भरावी, आणि भोजनाला बसताना आज घरच्या आयाबायांना पहिल्या पंगतीला बसवून वाढप आपण पुरुषांनी करावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.