जागा ओळखणारें द्रव्य

पोटांतील आम्लता कमी करण्यासाठीं डॉक्टर ओमेप्राझोल नांवाचें औषध देतात. गंमत अशी, कीं जठरांतील आम्लानें तें औषध स्वतःच नष्ट होतें. ज्या घरची आग विझवावयाची, त्याच घराच्या उंबरठ्यावर तें जळून जावयाचें! म्हणून तें जठर ओलांडून लहान आंतड्यांत पोंचलें पाहिजे. तेथें तें रक्तांत शिरतें आणि मग रक्तावाटे जठराच्या भिंतीकडे परत येतें. वाटेंत त्याचें रक्षण करण्याचें काम एका पातळ लेपाकडे सोंपविलेलें असतें.

असा लेप बहुधा मेथाक्रिलिक आम्लापासून केलेल्या बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, असतो. बहुवारिकाचा रेणू म्हणजे शेंकडों, हजारों लहान रेणूंची सांखळी होय. या सांखळीला जागोजाग आम्लगट लोंबत असतात. जठराच्या तीव्र आम्लांत ते विद्युद्भाररहित राहतात आणि लेप घट्ट टिकतो. आंतड्यांत आम्लता उतरून पीएच सुमारें ५.५ च्या वर गेला, कीं त्या गटांवर ऋण विद्युद्भार येतो. सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात, सांखळ्या सुटतात आणि लेप विरघळतो. कोणी हुकूम द्यावा लागत नाहीं. स्थळाची पारख द्रव्यालाच असते.

मात्र लेप एकदां विरघळला, कीं त्याचें काम संपलें. वेळ येतांच उघडणारें आणि वेळ टळतांच पुन्हां मिटणारें द्रव्य हवें असेल, तर जेलकडे वळावें लागतें. सांखळ्या आडव्या दुव्यांनीं एकमेकींस बांधल्या म्हणजे त्यांचें जाळें होतें. तें पाणी पिऊन फुगतें, पण विरघळत नाहीं. तोयोइची तानाका या जपानी पदार्थवैज्ञानिकानें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें पॉलिॲक्रिलअमाइडचें जेल पाणी व ॲसिटोन यांच्या मिश्रणांत ठेवून पाहिलें. १९७८ सालीं त्यानें प्रसिद्ध केलें, कीं मिश्रणाचें प्रमाण किंवा उष्णतामान किंचित् बदलतांच असें फुगलेलें जेल एकाएकीं आकसूं शकतें. विद्युद्भारित जेलांत हा फरक शेंकडों पटींचा असूं शकतो. उकळत्या पाण्याची ठराविक बिंदूस वाफ व्हावी, तशाच जातीचा हा पालट होता.

एन-आयसोप्रोपिलॲक्रिलअमाइडचें बहुवारिक सुमारें ३२ अंश सेल्सिअसच्या खालीं पाण्यांत मिसळतें. त्याच्या वर गेलें, कीं पाण्याची संगत सोडतें. शरीराच्या ३७ अंशांपासून हा बिंदु फारसा दूर नाहीं. टोकिओंत तेरुओ ओकानो यांनीं या बहुवारिकाचा थर दिलेल्या तबकड्यांवर पेशी वाढविल्या. तबकडी थंड केली, कीं पेशींचा अखंड पापुद्रा अलगद सुटून येतो.

खरी अडचण वेगाची. पाणी जाळ्यांत झिरपत शिरतें आणि झिरपतच बाहेर पडतें. तानाका व फिलमोर यांनीं १९७९ सालीं दाखविलें, कीं फुगण्यास लागणारा काळ आकाराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. एक सेंटिमीटरच्या गोळ्यास दहा दिवस लागत असतील, तर त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या कणास दीड मिनिट पुरे! मोठ्या यंत्रांत निरुपयोगी ठरणारें हें द्रव्य केसाएवढ्या नलिकांत चपळ होतें, तें यामुळेंच. अमेरिकेंत डेव्हिड बीब, जेफ्री मूर व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं अशा नलिकांत द्रवरूप मिश्रण भरलें, नक्षीच्या आवरणांतून त्यावर अतिनील प्रकाश टाकला आणि जागच्या जागीं जेल घडविलें. बारीक खांबांभोवतीं जेलचें पातळ वेष्टण दिल्यानें तें अधिक लवकर फुगे. द्रव अल्कधर्मी झाला कीं झडप बंद, आम्ल झाला कीं उघडी. तार नाहीं, विजेची घटमाला नाहीं.

मधुमेहाच्या रोग्यासाठीं अशीच झडप मिळावी, ही या विषयांतील सर्वांत जुन्या आशांपैकीं एक. रक्तांतील शर्करा वाढली तर इन्शुलिन सुटावें, उतरली तर थांबावें. फिनाइलबोरॉनिक आम्लाचे गट शर्करेशीं बांधले जातात, हें माहीत आहे. परंतु साध्या रूपांत ते रक्तापेक्षां अधिक अल्कधर्मी द्रवांत चांगले चालतात. शिवाय शर्करा जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासांत चढते. जेल तेवढें तत्पर हवें. १९८० च्या दशकापासून प्रयोग चालू असूनही असें साधन रोग्यांच्या नित्य वापरांत आलेलें नाहीं. झडप उघडावयास उशीर झाला तर शर्करा कांहीं काळ चढी राहील. पण ती मिटावयास उशीर झाला, तर रात्रीं झोंपेंतच शर्करा इतकी उतरेल, कीं रोग्यास जागही येणार नाहीं.